तिकीट १८६५चं नव्हे, १९४०चं

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

अमेरिकेच्या अडीचशे वर्षांनिमित्त आपल्या रविवार पुरवणीत गुलामगिरीच्या अंतावर लेख आला. लेख मेहनतीने लिहिलेला आहे, त्याबद्दल काही म्हणणं नाही. म्हणणं आहे ते सोबतच्या चित्राखालच्या ओळीबद्दल. ३ सेंटचं जांभळं टपाल तिकीट आपण चांगलं तळहाताएवढं करून छापलंत. त्यात लिंकन हात पसरून उभा आहे आणि त्याच्या पायाशी, साखळ्या तुटलेला एक काळा माणूस गुडघा टेकून बसला आहे. खाली ओळ आहे, ‘गुलामगिरी रद्द झाली तेव्हाचे तिकीट, १८६५’. हे तिकीट १८६५चं नाही. ते निघालं २० ऑक्टोबर १९४० रोजी, न्यूयॉर्कच्या जागतिक प्रदर्शनात. मधे ७५ वर्षं गेली होती.

१८६५ साली असं तिकीट निघणं शक्यच नव्हतं. अमेरिकेची पहिली सरकारी तिकिटं १८४७ची. ५ सेंटवर फ्रँकलिन आणि १० सेंटवर वॉशिंग्टन. पुढे बरीच वर्षं तिकिटावर दिवंगत पुढाऱ्यांचे चेहरे तेवढे असत. खुद्द लिंकन तिकिटावर आला तो त्याच्या खुनानंतर वर्षभराने, १८६६ साली. १५ सेंटचं, काळ्या शाईतलं तिकीट. एखाद्या प्रसंगाची आठवण म्हणून तिकिटांचा संच काढायची टूम निघाली ती थेट १८९३ साली. तिच्याकडे मी येतोच.

मी रेल्वे टपाल सेवेत सॉर्टर होतो, मिरजेला. मिरजेत अमेरिकन मिशनचं हॉस्पिटल, त्यामुळे गावात अमेरिकेची पाकिटं यायची आणि आम्हा पोरांना तिथल्या ओळखीच्या माणसांकडून पाकिटांचे कोपरे मिळायचे. ताटलीत कोमट पाणी घ्यायचं, कोपरा त्यात सोडायचा, डिंक सुटला की चिमट्याने तिकीट उचलून टीपकागदावर पालथं घालायचं. तेव्हापासून अमेरिकन तिकिटांचा नाद आहे तो आहेच. या नादात माझी एक खोड झाली आहे. तिकिटावर जी घटना दाखवलेली असते तिचं साल मी बाजूला ठेवतो आणि आधी बघतो, तिकीट निघालं कधी. घटनेची हकिकत कुठल्याही पुस्तकात मिळते. ती आठवण सरकारला नेमकी याच वर्षी का झाली, आणि चित्र कुणाच्या नजरेने काढलं, हे मात्र दुसऱ्या सालावरून कळतं. आपल्या चित्राखालच्या ओळीत नेमकं तेच साल गेलं.

आता १९४० साल बघा. त्या वर्षी एप्रिलमध्ये बुकर टी. वॉशिंग्टनचं १० सेंटचं तिकीट निघालं. अमेरिकेच्या तिकिटावर आलेला हा पहिला काळा माणूस. पहिल्या तिकिटापासून मोजलं तर ९३ वर्षं लागली. त्यासाठी चिकाटीने खेटे घातले ते गुलामीत जन्मलेल्या आणि पुढे फिलाडेल्फियात बँक काढलेल्या मेजर रिचर्ड राइट यांनी. ऑक्टोबरात हे जांभळं तिकीट आलं. अध्यक्षपदाचं मतदान होतं ५ नोव्हेंबरला. रूझवेल्ट तिसऱ्यांदा उभे होते आणि उत्तरेतला काळा मतदार लिंकनचा रिपब्लिकन पक्ष सोडून त्यांच्याकडे वळू लागला होता. रूझवेल्ट स्वतः पक्के तिकीटवेडे, नव्या तिकिटांच्या नक्षीत जातीने लक्ष घालणारे. तेव्हा दोन आठवडे आधीचा हा मुहूर्त योगायोगाने लागला असं कुणाला वाटत असेल तर वाटो, मला वाटत नाही. आणि हो, त्या वेळी अमेरिकेच्या सैन्यात काळ्यांच्या पलटणी वेगळ्याच होत्या. ती पद्धत बंद करण्याचा हुकूम निघाला १९४८ साली.

चित्राचीही गोष्ट आहे. तिकिटावरचं शिल्प टॉमस बॉल याचं, वॉशिंग्टनच्या लिंकन पार्कमधलं, १८७६ सालचं. पुतळ्यासाठी पैसे दिले मुक्त झालेल्या गुलामांनी. पुतळा कसा असावा हे मात्र त्यांना कुणी विचारलं नाही. अनावरणाच्या दिवशी भाषण केलं फ्रेडरिक डग्लसने, जो स्वतः गुलामीतून पळून आलेला. भाषण करून तो गप्प बसला नाही. काही दिवसांनी त्याने तिथल्या ‘नॅशनल रिपब्लिकन’ या वृत्तपत्राच्या संपादकांना पत्र लिहिलं, की मरण्याआधी मला असा पुतळा बघायचा आहे ज्यात काळा माणूस चार पायांच्या जनावरासारखा गुडघ्यावर नसेल, माणसासारखा ताठ उभा असेल. हे पत्र जुन्या अंकांत पडून होतं, इतिहासकारांच्या हाती लागलं २०२० साली. त्याच वर्षाच्या शेवटी बॉस्टनमधली या शिल्पाची प्रतिकृती हलवण्यात आली. संपादकांना पत्रं लिहिणाऱ्या आम्हा मंडळींची घरात टिंगल होते, तेव्हा मी डग्लसचं हे पत्र पुढे करतो. म्हणजे १९४० साली पोस्टखात्याने जे चित्र निवडलं, त्यावर ६४ वर्षं आधीच एका जाणत्या माणसाने जाहीर हरकत घेऊन ठेवलेली होती.

आणि आता याच्या शेजारी १९६३चं तिकीट ठेवा. विषय जवळपास तोच, लिंकनने १८६३ साली काढलेल्या गुलामांच्या मुक्तीच्या जाहीरनाम्याची शंभर वर्षं. किंमत ५ सेंट. निळ्या रंगावर जाड काळी साखळी, मधली कडी तुटलेली. बस्स. लिंकन नाही, गुडघ्यावरचा गुलाम नाही, पुतळा नाही. हे काढलं जॉर्ज ओल्डनने, सीबीएस टेलिव्हिजनच्या ग्राफिक्स विभागाचा प्रमुख राहिलेला माणूस, एका गुलामाचा नातू. अमेरिकन तिकीट रेखाटणारा तो पहिला काळा कलावंत. तिकीट शिकागोत निघालं १६ ऑगस्टला आणि २८ ऑगस्टला वॉशिंग्टनमध्ये तो विराट मोर्चा झाला, ज्यात मार्टिन ल्यूथर किंग बोलले. माझ्याकडची प्रत मिशनच्या पाकिटावरची आहे, रद्द शिक्क्याची एक कड साखळीवरून गेलेली. दोन्ही तिकिटं अल्बमच्या एकाच पानावर लावली आहेत. घरी येणाऱ्या शाळकरी मुलांना मी काही सांगत नाही, नुसतं विचारतो, यात कोण दिसतंय आणि कोण दिसत नाही. त्यांना बरोबर कळतं.

सगळा प्रवास असा पुढेच गेला असं मात्र समजू नका. किंग यांनी त्या भाषणात जॉर्जियातल्या स्टोन माउंटन या डोंगराचं नाव घेतलं होतं, तिथूनही स्वातंत्र्याचा घोष व्हावा म्हणून. १९१५ साली कू क्लक्स क्लॅन नव्याने उभी राहिली ती याच डोंगरावर. किंग यांचा खून झाला १९६८ साली, आणि १९७० साली पोस्टखात्याने ६ सेंटचं तिकीट काढलं त्याच डोंगरात कोरलेल्या जेफरसन डेव्हिस आणि सेनापती ली आणि स्टोनवॉल जॅक्सन या यादवी युद्धात दक्षिणेकडून, गुलामगिरीच्या बाजूने लढलेल्यांच्या भव्य शिल्पाचं. किंग तिकिटावर यायला १९७९ उजाडलं. ली आणि जॅक्सनला तर १९३७ सालीच सैन्याच्या मालिकेत जागा मिळाली होती. त्याच मालिकेत उत्तरेचा सेनापती शेरमन याला घेतलं म्हणून दक्षिणेत आरडाओरडा झाला. सगळ्यांना खूश ठेवायचं आणि सगळ्यांच्या शिव्या खायच्या, हे पोस्टाचं प्राक्तन तिकडेही तेच.

१८९३ कडे येतो. कोलंबसला ४०० वर्षं झाली म्हणून शिकागोत जागतिक प्रदर्शन भरलं. आपल्याला ते माहीत असतं ११ सप्टेंबरच्या विवेकानंदांच्या भाषणामुळे. सर्वधर्म परिषद त्याच प्रदर्शनाचा भाग होती. पोस्टमास्तर जनरल होते जॉन वॉनामेकर, फिलाडेल्फियाचे बडे दुकानदार. लोक तिकिटं विकत घेतील आणि पाकिटाला न लावता जपून ठेवतील, म्हणजे सरकारला टपाल न वाहताच पैसे, हा हिशेब दुकानदारालाच सुचायचा. १ सेंटपासून ५ डॉलरपर्यंत १६ तिकिटांचा संच काढला. तेव्हा साध्या मजुराला ५ डॉलर कमवायला काही दिवस राबावं लागे. सिनेटमध्ये यावर टीका झाली, संग्राहकही रागावले. पण २ सेंटचं तिकीट सुमारे १४६ कोटी छापलं गेलं, म्हणजे हिशेब चुकला नव्हता.

या संचातली गंमत बघायला भिंग लागत नाही. १ सेंटवर कोलंबसला जमीन दिसते आहे आणि तो गुळगुळीत दाढी केलेला आहे. २ सेंटवर तो किनाऱ्यावर उतरतो आहे आणि त्याला भरघोस दाढी. दोन वेगवेगळ्या चित्रकारांची चित्रं घेतली, मेळ कुणी घातला नाही. राणी इझाबेला याच संचात आली आणि अमेरिकन तिकिटावरची पहिली स्त्री ठरली. ती अमेरिकन नव्हती हे सोडा. मला खरं खटकतं ते १० सेंटचं तिकीट. त्यात कोलंबस तिथल्या मूळ रहिवाशांना स्पेनच्या दरबारात पेश करतो आहे, बरोबर आणलेल्या ऐवजासारखं. वुंडेड नी इथे सैन्याने लकोटा या मूळ जमातीच्या लोकांची, बायकापोरांसकट, कत्तल केली ती २९ डिसेंबर १८९० रोजी. हा संच विक्रीला आला जानेवारी १८९३ मध्ये. दोन वर्षं फक्त.

मूळ रहिवाशांच्या बाबतीत ही तिकिटं सगळ्यात उघडी पडतात. १८९८ साली ओमाहाच्या प्रदर्शनासाठी पश्चिमेवरचा संच निघाला. ४ सेंटवर घोड्यावरचा इंडियन, म्हणजे तिथला मूळ रहिवासी, गव्यामागे लागलेला. तोपर्यंत त्या मैदानांवरचे गवे शिकाऱ्यांनी जवळजवळ संपवले होते. १ डॉलरवर बर्फाच्या वादळातली गुरं, कित्येक संग्राहकांच्या मते अमेरिकेचं सगळ्यात देखणं तिकीट. देखणं आहेच. पण ती गुरं अमेरिकेची नाहीत. मूळ चित्र जॉन मॅक्व्हर्टर या स्कॉटिश चित्रकाराचं आणि गुरं स्कॉटलंडच्या डोंगरातली. अमेरिकेच्या पश्चिमेची आठवण स्कॉटलंडहून उसनी.

त्यापुढचं १९४८चं. ३ सेंट, ओक्लाहोमाचा नकाशा, भोवती चेरोकी, चिकसॉ, चोक्टॉ, क्रीक आणि सेमिनोल या पाच जमातींच्या मुद्रा. निमित्त, ‘इंडियन शताब्दी’. वाचणाऱ्याला वाटावं काही मंगल कार्य असेल. या जमाती ओक्लाहोमात हौसेने गेलेल्या नाहीत. १८३० साली अध्यक्ष जॅक्सनच्या कारकिर्दीत कायदा झाला, त्यांना पूर्वेकडच्या पिढीजात जमिनींवरून हाकललं, आणि १८३८-३९च्या हिवाळ्यात चेरोकींची हजारो माणसं त्या वाटेवर दगावली. ज्यांना हाकललं ते तिथे पोचल्याची शताब्दी साजरी झाली. जॅक्सन स्वतः तर १८६३पासून तिकिटांवर आहे. याच १९४८ साली, महिनाभर आधी, अमेरिकन कुक्कुटपालनाची शंभर वर्षं म्हणून कोंबड्याचं तिकीटही निघालं होतं. त्याची वर्तमानपत्रांनी यथेच्छ थट्टा केली. शताब्दीच्या तिकिटाची केल्याचं माझ्या वाचनात नाही.

असं सगळंच टाकाऊ नाही. १८७२ साली, बायकांना मताधिकार नसताना मत दिलं म्हणून सुझन अँथनीला अटक झाली, १०० डॉलर दंड झाला, तो तिने शेवटपर्यंत भरला नाही. १९३६ साली त्याच सरकारने तिचं तिकीट काढलं. मराठी घराघरांत माहीत असलेल्या कार्व्हरचं तिकीट ५ जानेवारी १९४८चं, त्याच्या पाचव्या स्मृतिदिनाचं. कोलंबिया विद्यापीठाला २०० वर्षं झाली म्हणून १९५४ साली ३ सेंटचं तिकीट आलं. बाबासाहेब १९१३ ते १६ तिथे शिकले आणि १९५२ साली त्याच विद्यापीठाने त्यांना मानद पदवी दिली. त्यांचे तिथले शिक्षक जॉन ड्यूई ३० सेंटच्या तिकिटावर १९६८ साली आले. ही दोन तिकिटं फार महाग नाहीत, आपल्याकडच्या आंबेडकरी संग्राहकांनी जरूर मिळवावीत.

गांधीजींचं तिकीट मात्र दुसरं साल बघूनच वाचायला हवं. २६ जानेवारी १९६१, ४ सेंट आणि ८ सेंट, एक देशातल्या पत्रासाठी आणि एक परदेशी. मालिकेचं नाव ‘स्वातंत्र्याचे कैवारी’. सुरुवात १९५७ साली फिलिपिन्सच्या मॅगसेसेंपासून. मधे हंगेरीचे कोशूत, चेकोस्लोव्हाकियाचे मासारिक, पोलंडचे पादेरेव्हस्की. नावं बघितली की कळतं, निम्मा रोख मॉस्कोकडे आहे. गांधीजी शेवटचे. आणि त्याच सुमारास अमेरिकेच्या दक्षिणेत गांधीजींच्याच मार्गाने खानावळीत बसून राहणाऱ्या, बसमध्ये एकत्र बसणाऱ्या काळ्या-गोऱ्या मुलांना तिथले पोलीस तुरुंगात टाकत होते. पाकिटावर गांधी आणि पाकीट टाकायला जाणाऱ्याच्या हातात बेडी, असंही एखाद्याच्या बाबतीत झालं असेल.

मागे घेतलेल्या तिकिटाचाही एक नमुना सांगतो. दुसऱ्या महायुद्धाच्या पन्नाशीच्या मालिकेत १९९५ साठी अणुबॉम्बच्या ढगाचं तिकीट ठरलं होतं, खाली मजकूर असा की बॉम्बमुळे युद्ध लवकर संपलं. जपानने तीव्र हरकत घेतली, डिसेंबर १९९४ मध्ये ते रद्द झालं, जागी बॉम्बच्या वेळचे अध्यक्ष ट्रूमन आले. आणि उलट उदाहरण २०२१चं. १९४२ साली जपानी वंशाच्या सुमारे १ लाख २० हजार माणसांना अमेरिकेने छावण्यांत डांबलं. त्यांच्यातलीच मुलं अमेरिकेच्या सैन्यात लढली. त्या सैनिकांचं तिकीट निघावं म्हणून कॅलिफोर्नियातल्या काही वृद्ध जपानी-अमेरिकन बायकांनी २००५ पासून मोहीम चालवली. तिकीट आलं ३ जून २०२१ रोजी.

दिवाळीत दरवर्षी व्हॉट्सॲपवर फिरणारं पणतीचं अमेरिकन तिकीट ५ ऑक्टोबर २०१६चं आहे, तेही भारतीय वंशाच्या लोकांच्या बऱ्याच वर्षांच्या पाठपुराव्यानंतरचं. ईदचं त्याआधी आलं, १ सप्टेंबर २००१ रोजी. पुढच्या दहा दिवसांत काय झालं ते सांगायला नको. ते तिकीट बंद करा अशी मागणी झाली, पोस्टाने केलं नाही, २००२ साली नव्या दरात पुन्हा छापलं. हे मला आवडलं.

आपल्या उपसंपादकाने चित्राखालच्या ओळीचं फार मनाला लावून घेऊ नये. १९९४ साली खुद्द अमेरिकन पोस्टाने बिल पिकेट या काळ्या काउबॉयचं तिकीट छापलं आणि फोटो निघाला त्याच्या भावाचा. जुन्या संग्रहात फोटोखाली नाव चुकीचं पडलेलं होतं. छापलेली तिकिटं परत बोलवावी लागली आणि चुकीच्या पत्रकांपैकी दीड लाख शेवटी सोडत काढून विकली गेली. माझी विनंती एवढीच की पुढे तिकिटाचं चित्र छापाल तेव्हा खाली प्रसंगाचं आणि तिकिटाचं अशी दोन्ही सालं द्यावीत. ओळीत जागा होते.

मुलांकडे सहा महिने अमेरिकेला जाणाऱ्या मंडळींसाठी एक माहिती. वॉशिंग्टनला युनियन स्टेशनच्या शेजारी, जुन्या पोस्टाच्या इमारतीत, राष्ट्रीय टपाल संग्रहालय आहे. प्रवेश फुकट. तिकिटं ओढून काढायच्या उभ्या चौकटींत लावलेली असतात, घाई करू नका. नातवंडं कंटाळली तर त्यांना खाली ओनी दाखवा. हा आल्बनीच्या पोस्टातला कुत्रा, १८९० च्या आसपास टपालाच्या डब्यांतून अमेरिकाभर हिंडला. जिथे जाईल तिथले सॉर्टर त्याच्या पट्ट्याला बिल्ला अडकवत. पेंढा भरून ठेवलाय, बिल्ल्यांसकट. २०११ साली त्याचंही तिकीट निघालं, आणि आमच्या खात्यातल्या कुणाचं तिकीट निघालं तर ते असं.

कळावे,
आपला एक वाचक
(निवृत्त सॉर्टर, रेल्वे टपाल सेवा), मिरज